धुळ्याच्या पुढे

माणसाने जन्माला कुठे यावं हे त्याच्या हातात नसतं. पण आपण कुठले, हे सांगायची पाळी मात्र त्याच्यावर जन्मभर येते. पुण्याच्या माणसाचं काम सोपं. तो 'पुणे' म्हणतो आणि गप्प बसतो. (म्हणजे गावाच्या नावापुरता गप्प बसतो. एरवी नाही.) साताऱ्याचा, कोल्हापूरचा माणूसही एका शब्दात मोकळा होतो. आमचं तसं नाही. आम्ही 'नंदुरबार' म्हटलं की समोरचा माणूस क्षणभर नुसता बघतो. मग विचारतो, "म्हणजे नांदेडच्या बाजूला का?" दुसऱ्या एखाद्याला त्या नावातलं फक्त 'बार' तेवढं ऐकू येतं आणि तो उगीचच मित्रत्वाने हसतो. तिसरा म्हणतो, "अरे वा! आमच्या मेव्हण्याची तिकडे बदली झाली होती." आणि आवाज खाली आणून पुढे सांगतो, "रद्द करून घेतली."

यावर आम्हा नंदुरबारकरांनी पिढ्यान् पिढ्या एकच तोडगा काढलेला आहे. "कुठे आलं हो हे?" असं कुणी विचारलं, की म्हणायचं, "धुळ्याच्या पुढे." आता धुळं कुठे आहे हे तरी त्याला कुठे ठाऊक असतं? धुळ्याचा माणूस 'नाशिकच्या पुढे' म्हणून सुटका करून घेत असतो. पण 'पुढे' हा शब्द ऐकला की माणसं मान डोलावतात आणि विषय संपतो.

तरी १९९८ सालापर्यंत आम्हाला निदान अधिकृत आधार होता. पत्त्यात 'जि. धुळे' असंच लिहायचं असे. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून आमचा वेगळा जिल्हा झाला. सहा तालुके मिळाले: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. मी त्या वेळी बी.कॉम. करत होतो. गावात पेढे वाटले गेले. आमच्या वडिलांनी मात्र पेढा तोंडात टाकून पहिला प्रश्न विचारला, "मग छापलेल्या पोस्टकार्डांचं काय करायचं?" ती पन्नास कार्डं पुढे तीन वर्षं, 'धुळे' खोडून, वापरली गेली. आमच्या घरी जिल्हा झाला तो असा, हळूहळू, काटकसरीने.

पुढे बँकेत लागलो. एकदा प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. पहिल्या दिवशी तिथल्या साहेबांनी टूम काढली, की प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव, गाव आणि गावातली एक नामवंत व्यक्ती सांगायची. रत्नागिरीवाला उठला, टिळक म्हणाला, बसला. नाशिकवाल्याने तर कुसुमाग्रज, सावरकर आणि दादासाहेब फाळके अशी मोळीच टाकली. आमच्या शेजारच्या जळगावच्या पोराने बहिणाबाई आणि बालकवी असे दोन हुकमी पत्ते काढले. माझा नंबर आला. मी उठलो. घसा कोरडा. म्हणालो, "नंदुरबार." साहेब म्हणाले, "आणि नामवंत?" त्या क्षणी मला जगातलं काहीही आठवेना. माझ्या तोंडातून शब्द गेला, "मिरची."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. जेवणाच्या सुट्टीत मला सगळे 'मिरची' म्हणू लागले होते. कोर्स संपेपर्यंत तेच नाव राहिलं.

खरं म्हणजे उत्तर अगदीच चूक नव्हतं. नंदुरबारची मिरची ही गोष्ट ज्याने पाहिली नाही त्याला लाल रंग म्हणजे काय ते कळलेलं नाही. हंगामात गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत घालतात. पथारी म्हणजे मोकळं मैदान आणि त्यावर नजर पोचेल तिथवर अंथरलेली मिरची. तिच्यातून बाया दिवसभर डोक्याला आणि नाकाला फडकं गुंडाळून वावरत असतात. डेखं खुडायची, उलथापालथ करायची. मजुरी किती, हात किती पोळतात, हे त्या बायांनाच विचारावं. आम्हाला फक्त वास येतो. आणि नोटा येतात. मिरचीच्या व्यापाऱ्याची रोकड मोजून झाली आणि चुकून डोळ्याला हात लागला, की आमचा कॅशियर दुपारभर अश्रू ढाळत बसतो. नवीन आलेल्या एका खातेदारबाईंनी एकदा त्याचं सांत्वन करून त्याला स्वतःचा रुमालही दिला होता. त्या अजून त्याच्याच खिडकीवर जातात.

असो. मूळ सांगायचं ते वेगळंच.

गेल्या वर्षी आमच्या शाखेचा वर्धापनदिन निघाला. वर्धापनदिन म्हटला की स्मरणिका आली, आणि स्मरणिका म्हटली की जाहिरातींच्या मध्ये घालायला मजकूर लागतो. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब बाहेरगावचे. "तुम्ही लिहिता म्हणे," ते म्हणाले. हे त्यांनी 'तुम्ही पिता म्हणे' अशा सुरात म्हटलं. "दोन पानं द्या. आपलं गाव आणि गावाचे दहा नामवंत. शुक्रवारपर्यंत."

"दहा?"

"का? नाहीत?"

पुण्यातला तो वर्ग पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मी म्हणालो, "आहेत ना साहेब. वीस आहेत." माणूस अपमानाच्या भीतीने काय वाटेल ते कबूल करतो.

घरी येऊन कागद घेतला. वर 'अनुक्रमांक' आणि 'नाव' असे रकाने पाडले. कॉमर्सच्या माणसाला रकाना पाडल्याशिवाय विचार करता येत नाही. पहिलं नाव नंदराजाचं. हा गवळी राजा. त्याने गाव वसवलं, म्हणून ही नंदनगरी, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण त्याचा जन्मदाखला मिळणं कठीण. मग इतिहासात शिरलो. १६६६ मध्ये इंग्रजांनी नंदुरबारला वखार घातली होती, हे वाचून छाती फुगली. म्हणजे साहेबाला आमचं गाव ठाऊक होतं. नांदेडच्या बाजूला का, असं त्याने विचारलं नव्हतं. तापीकाठी आमचं प्रकाशे आहे. दक्षिणकाशी म्हणतात तिला. १९५५ साली तिथलं टेकाड खणलं तेव्हा थेट ताम्रपाषाण युगातली खापरं निघाली. म्हणजे पुण्याला 'पुणे' म्हणायच्या आधीपासून आमच्याकडे मडकी फुटत होती. पण मडकी फोडणाऱ्यांची नावं काही सापडली नाहीत.

मग काउंटरवरच चौकशी सुरू केली. आमचं काउंटर म्हणजे एक भाषाखातंच आहे. एकजण अहिराणीत "पैसा उना का भाऊ?" म्हणून विचारतो, त्याच्या मागचा गुजरातीत हिशोब मांडतो, तिसरी बाई डोंगरातून आलेली, ती भिलीत बोलते आणि आम्ही तिला हिंदीत उत्तर देतो. का, ते कुणालाच ठाऊक नाही. गुजरात तर इतका जवळ, की लग्नाचा बस्ता सुरतेहून येतो आणि रेल्वेने मुंबईला, म्हणजे आमच्या स्वतःच्या राजधानीला, जायचं तर सुरतेवरून वळसा घालावा लागतो. नवापूरचं स्टेशन तर निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि तक्रार असली तर स्टेशनमास्तरकडे गुजरातेत जायचं. तिथल्या एका बाकावर दोन राज्यांची हद्द रंगवलेली आहे. नवरा-बायकोचं भांडण झालं तर दोघांना वेगवेगळ्या राज्यांत बसता येतं, अशी सोय देशात फार ठिकाणी नसेल.

तर प्रत्येक खातेदाराला मी विचारू लागलो, "आपल्याकडचा नामवंत कोण?" पेन्शनवाले एक आजोबा लगेच म्हणाले, "सारंगखेड्याचा घोडा." दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो, आणि एकेका घोड्याची किंमत ऐकून माझ्यासारख्याने आपला पगार सांगू नये. आमच्या शिपायाने स्वतःच्या साडूचं नाव दिलं. एका शेतकऱ्याने नवापूरची तूरडाळ सुचवली. कुणी म्हणालं, काठीची होळी घ्या; कुणी म्हणालं, तोरणमाळ घ्या. मी म्हटलं, "अहो, माणूस सांगा, माणूस." तो म्हणाला, "माणसं काय, येतात-जातात. तोरणमाळ कुठे जात नाही."

माणसं नव्हती असं नाही. नवापूरचे माणिकराव गावित घ्या. १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा लोकसभेवर निवडून गेले, २००९ मध्ये तर लोकसभेचे हंगामी अध्यक्षही झाले. मी प्रमोशनच्या एका परीक्षेला तीनदा बसलो आहे आणि तिन्ही वेळा पडलो आहे. त्यामुळे नऊ वेळा पास होणाऱ्या माणसाविषयी मला पक्षनिरपेक्ष आदर वाटतो. शहाद्याकडचे अंबरसिंग महाराज घ्या. भजनं म्हणणारा हा भिल्ल तरुण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भूमिहीनांना आणि सालदारांना गोळा करून उभा राहिला, श्रमिक संघटनेच्या लढ्यात अग्रभागी राहिला, आणि १९७४ साली ऐन उमेदीत गेला. वाहरू सोनवणे घ्या. 'गोधड' नावाचा त्यांचा कवितासंग्रह १९८७ मध्ये आला. डोंगरातल्या माणसाने स्वतःविषयी स्वतः बोलावं, हे त्यांनी साहित्यवाल्यांना ऐकवलं.

आणि तळोद्याकडचे गुलाम महाराज. यांच्यापाशी मी जरा जास्त थांबलो. १९३० नंतरच्या त्या वर्षांत त्यांनी आदिवासींना दारू सोडायला सांगितली. आणि आणखी एक सांगितलं, की एकमेकांना 'आप' म्हणा. कुणी कुणाला अरेतुरे करायचं नाही. भेटल्यावर 'आप की जय' म्हणायचं. एवढीच गोष्ट, पण त्यासाठी माणसं हजारोंनी जमत. हे मी रात्री वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो. अक्राणीकडचा एक म्हातारा पुढे आला. हातात पासबुक, पासबुकावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीला दोरा. माझ्या तोंडात नेहमीचं "ए बाबा, इकडे नाही, तिकडे" हे अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "आपण बसा." म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. मी कुणाला म्हणतोय ते त्याला बघायचं होतं.

वीस वर्षं मी त्या खिडकीत बसतो आहे.

मॅनेजरसाहेबांना अर्धी यादी दाखवली. ते म्हणाले, "छान आहे, पण लोकांना माहीत असलेलं काहीतरी द्या ना. साऱ्या देशात गाजलेलं." मी म्हणालो, "साहेब, २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापूरला निघाला. सगळ्या देशात नाव झालं." साहेबांनी दुपारचा डबा नुकताच उघडला होता. त्यात अंडाकरी होती. ते म्हणाले, "दुसरं."

दुसरंही होतं. देशातलं पहिलं आधार कार्ड आमच्या जिल्ह्यात दिलं गेलं. २९ सप्टेंबर २०१० ला, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी जातीने आले होते, आणि गावातली एक कष्टकरी बाई देशातली पहिली आधारधारक झाली. आज कुठल्याही बँकेत, कुठल्याही खिडकीवर, "केवायसी झालेली नाही, आधारची झेरॉक्स आणा" असं ऐकून जो माणूस घाम पुसत माघारी फिरतो, त्याच्या त्या घामाचा उगम आमच्या टेंभलीत आहे. हे मात्र साहेबांना आवडलं. म्हणाले, "हे बँकेशी संबंधित आहे. घ्या."

आता तुम्ही म्हणाल, ह्या गृहस्थाने मुख्य नाव घेतलंच नाही. वाचकहो, खरं सांगतो, ते नाव यादीत पहिल्या क्रमांकावर मी डोळे मिटून लिहिलं होतं. हुतात्मा शिरीषकुमार मेहता. लिहिलं आणि पुढे गेलो, जसा रोज सकाळी स्कूटरवरून त्याच्या स्मारकाजवळून पुढे जातो. मग पुण्यात का आठवलं नाही? कारण ते मला नाव वाटतच नव्हतं. ती खूण होती. 'शिरीषकुमारच्या चौकातून डावीकडे वळा, मग रसवंती लागते,' असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. गावातल्या माणसाला आपला हुतात्मा पत्ता सांगायच्या कामी येतो, हे लिहितानाही बरं वाटत नाही.

यादीच्या तिसऱ्या रकान्यात जन्म-मृत्यूच्या तारखा भरायच्या होत्या. जन्म २८ डिसेंबर १९२६. मृत्यू ९ सप्टेंबर १९४२. मी सवयीने वजाबाकी केली. आम्हा लोकांना दोन तारखा दिसल्या की मधले दिवस मोजायचा रोग असतो. व्याज तसंच निघतं. उत्तर आलं: १५ वर्षं, ८ महिने, १२ दिवस. पुन्हा केली. तेच.

बँकेच्या भाषेत हा 'अज्ञान' खातेदार. अठराच्या आतल्या खातेदाराला कागदोपत्री 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या जागी पालकाची सही घेतात. 'छोडो भारत'ला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी गावात पोरांनी मिरवणूक काढली. शिरीषच्या हातात झेंडा. घरची भाषा गुजराती, घोषणाही गुजरातीत. माणिक चौकाजवळ पोलिसांनी अडवलं. मिरवणुकीतल्या मुलींच्या दिशेने बंदूक वळलेली पाहून तो पुढे आला आणि गोळी मारायची तर मला मारा म्हणाला, असं इथे सांगतात. मारली. त्याच्याबरोबर आणखी चौघे गेले. पालकाची सही कुणी विचारली नाही.

मी पंधरा वर्षं आठ महिन्यांचा असताना काय करत होतो, ते आठवून पाहिलं. बीजगणितात नापास झाल्याची प्रगतिपत्रिका वडिलांपासून गादीखाली लपवली होती. माझ्या बाबतीतही पालकाची सही हाच काय तो मुख्य प्रश्न होता.

त्याच आठवड्यात कन्येला पुण्याला सोडून आलो. तिला तिथे कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहाच्या जिन्यात मी ट्रंक घेऊन उभा होतो. वरच्या पायरीवर तिची नवी मैत्रीण तिला विचारत होती, "तू कुठली गं?" कन्या म्हणाली, "नाशिकच्या पुढे."

मी ट्रंक खाली ठेवली. जड झाली म्हणून.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. अगदी कळवळून सांगितलं. नंदराजा, वखार, अंबरसिंग, सगळं काढलं. सौ. लसूण सोलत होती. ती म्हणाली, "तुम्ही काय सांगता बाहेरगावी?" मी म्हणालो, "धुळ्याच्या पुढे." ती म्हणाली, "मग? पोरीने एक स्टेशन पुढे नेलं, एवढंच." आमच्या घरात ऑडिट हे असं, जागच्या जागी होतं.

त्या रात्री बसून लेख पुरा केला. दोनाची सात पानं झाली. शिरीषकुमारचीच तीन. शुक्रवारी साहेबांच्या टेबलावर ठेवली. यथावकाश स्मरणिका छापून आली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, दुसऱ्यावर त्यांच्या साहेबांचा. माझा लेख सव्वा पानाचा झाला होता. उरलेल्या जागेत मुदतठेवीचे दर आले होते. दहा नामवंतांत नऊ माझे होते. गुलाम महाराज गळले होते आणि त्यांच्या जागी आमच्या वरच्या ऑफिसातले एक अधिकारी होते. त्यांच्या आई बाळंतपणाला नंदुरबारला आल्या होत्या म्हणे. शिरीषकुमारच्या वाट्याला दोन ओळी आल्या होत्या. बाकीच्या चौघांची नावं 'इत्यादी'त गेली होती.

ज्या रकमेचा धनी लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. माझी कापलेली पावणेसहा पानं तशीच ड्रॉवरमध्ये पडून राहिली असती. पण एक दिवस काय वाटलं कोण जाणे, त्यांचे फोटो काढले आणि कन्येच्या मोबाइलवर पाठवून दिले. सोबत एक ओळही लिहिली नाही. तिचं उत्तर आलं नाही. दोन निळ्या रेघा तेवढ्या दिसल्या. आजकाल पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

दहा-बारा दिवसांनी रात्री अकराला तिचा फोन. त्या वेळेला फोन म्हणजे पोटात गोळाच. सौ. उठून बसली. पलीकडून पोरींचा कलकलाट ऐकू येत होता. कन्या म्हणाली, "बाबा, पंधरा वर्षं आठ महिने ना? ही म्हणते शक्यच नाही."

"आठ महिने बारा दिवस," मी म्हणालो.

"आणि बाकीचे चौघे कोण? तुमच्या फोटोत ती ओळ कापली गेलीय. हळू सांगा, मी लिहून घेते."

मी चष्मा शोधला. कागद ड्रॉवरमध्ये होता, पण लागला नाही. डिमांड ड्राफ्टवरचं नाव सांगावं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगत गेलो: लालदास शहा. धनसुखलाल वाणी. शशिधर केतकर. घनश्यामदास शहा.

"शशिधरमधला 'शि' ऱ्हस्व की दीर्घ?" तिने विचारलं.